ओवीतले बायबल

परमुलखात जाऊन बायबल शिकवायचे, तर आधी तिथली भाषा स्वतः शिकावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून कोकणी-मराठी शिकला. साष्टीतली देवळे पोर्तुगिजांनी आधीच पाडली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. आता त्यांनी ऐकायचे काय? स्टीफन्सने बायबलमधली कथा मराठी ओवीत रचली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने, तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला, असे फर्मान काढले. पुराणाच्या छापील प्रतीही नाहीशा झाल्या. पण गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याची हस्तलिखिते राहिली. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. हुकुमाने देवळे पडली. पण हे पुराण जपले, ते ऐकणाऱ्यांनी आपले मानले म्हणूनच.