ट्रेलरवरची शिडाची होडी

गाडीमागे ट्रेलरवरून नेता येणारी शिडाची होडी कुठेही, केव्हाही पाण्यात सोडता येते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. तिची तळफळी (वाऱ्याने होडी आडवी वाहू नये म्हणून पाण्यात सोडलेली फळी) वर ओढता येते, म्हणून होडी ट्रेलरवर बसते. चाळीतल्या घडीच्या खाटेसारखंच हे: जागा वाचते, ऐसपैसपणा जातो. आत निजता येतं, ताठ उभं सहसा राहता येत नाही. शिवाय मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ ते ५ मीटर. ओहोटीला गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूत चाकं रुततील. पक्का उतार हवाच. खरा फायदा पावसाळ्याच्या तोंडावर, होडी बाहेर काढायला क्रेन लागत नाही. परळ-लालबागकरांनी मात्र आधी ट्रेलर उभा करायला जागा शोधावी, मग होडी.