निरोप आपला, तार कोणाची?

22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. खुद्द बाबासाहेब तिला हजर होते. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. महारकी वतन म्हणजे काय होते? सरकारी टपाल, मयताचा सांगावा, पाटलाचा हुकूम घेऊन महाराने उन्हातान्हात गावोगाव धावायचे आणि बदल्यात बलुत्याची शिळी भाकरी! निरोप वाहणारे पाय आपले, पण निरोपावर हक्क आपला कधीच नव्हता. 1958 च्या कायद्याने हे वतन संपले.

आता निरोप तारेतून जातो. पण तार कोणाच्या दारात? भारतनेट योजनेची केबल ग्रामपंचायतीपर्यंत येते. पंचायत कचेरी गावात आणि आपली वस्ती गावकुसाला! उरला मोबाईल. रिचार्ज संपला की शिष्यवृत्तीचा अर्जही अडतो.

मेक्सिकोतील तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाकडे बड्या कंपन्यांनी पाठ फिरवली होती, कारण गाव लहान, नफा नाही. 2013 मध्ये तेथील झापोतेक मूलनिवासींनी कार्यकर्त्यांच्या मदतीने स्वतःचे मोबाईल केंद्र उभे केले. 2016 मध्ये अशा मूलनिवासी समूहांच्या संस्थेला सरकारी परवानाही मिळाला. आपल्याकडे आयआयटी मुंबईने पालघरच्या 7 खेड्यांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून दाखवले. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

कायद्याचीही फारशी नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत वायफाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही. चहाची टपरी चालते, तसे समाजमंदिरही चालते. जून 2025 मध्ये ट्रायने अशा केंद्रांच्या 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीचे भाडे घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नये असे ठरवले. त्याआधी कंपन्या केंद्रांकडून व्यापारी दर उकळत होत्या. हा बदल आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

भीमजयंतीला घरोघर वर्गणी काढून चोख हिशेब देणारी मंडळे वस्तीवस्तीत आहेत. तीच मंडळे महिन्याचे बिल वाटून घेऊ शकतात. मात्र यंत्राची चावी बचत गटातील बायांकडे द्यावी. पोरांकडे दिली तर रात्रभर क्रिकेटच चालेल! मीटर आणि जोडणी मंडळाच्या नावे असावी, एखाद्या पुढाऱ्याच्या नव्हे. निवडणूक हरला की तो तार तोडतो.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न लेखी द्या : पंचायत कचेरीपासून समाजमंदिरापर्यंत किती मीटर केबल लागते, आणि ती टाकण्याचा ठराव कधी घेता?