‘सेट’ आणि आमचा तंबोरा

परवाची गोष्ट. शिकवणीला येणारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी तंबोऱ्यापुढे बसली आणि म्हणाली, “सर, जरा सेट करून देता?” मी खुंट्या पिळून तंबोरा तिच्या हाती दिला. पेटीवर बसलेल्या मुलाने विचारले, “काळी चार सेट करू ना?” तबलजींनी हातोडी उचलली तीही तबला ‘सेट’ करण्यासाठीच. आणि तास संपता संपता तीच मुलगी खाली मान घालून म्हणाली, “मागच्या आठवड्यातली चीज अजून सेट झाली नाही.”

एका तासात चार ‘सेट’! आमचे वडील दरबारी गवई. त्यांच्या तोंडी या चार जागी चार क्रियापदे होती. तंबोरा लावायचा, पट्टी धरायची, तबला मिळवायचा आणि चीज बसवायची. मला राग आला नाही, पण कुतूहल वाटले. एवढ्याशा इंग्रजी शब्दाने चौघांची जागा कशी घेतली?

रात्री कोश उघडून बसलो, तो मौजच हाती लागली. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद या ‘सेट’ क्रियापदाचीच आहे. तिला सुमारे ६०,००० शब्द लागले आणि ४३० अर्थ सांगावे लागले. पुढे नव्या आवृत्तीचे काम चालू असता ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले, ही गोष्ट २०११ साली जाहीर झाली. तरी ‘सेट’चा दरारा काही कमी झाला नाही.

या शब्दाचे मूळ मात्र अगदी साधे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्या संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याच कुळातला. सदन, परिषद, संसद हे सारे त्याचेच गोत. आणि आम्हां गाणाऱ्यांच्या घरातला निषादही तोच! सर्व स्वर ज्याच्यापाशी येऊन बसतात तो निषाद, अशी त्याची उपपत्ती जुने ग्रंथकार देतात. म्हणजे जो शब्द आम्ही परका म्हणून हिणवतो, त्याचा दूरचा भाऊबंद आमच्या सप्तकात सातव्या जागी केव्हापासूनच बसलेला आहे.

म्हणूनच काही ठिकाणी इंग्रजी आणि मराठी हातात हात घालून चालतात. अंगठीत खडा बसवतात, निखळलेले हाड बसवतात, दोन्हीकडे तेच. आपल्या बडोद्यात तर आणखी एक गंमत कानी पडते. पावसाळा सुरू झाला की इंग्रज ‘सेट इन’ म्हणतो आणि आपले गुजराती शेजारी म्हणतात, “चोमासुं बेठुं.” त्यांचे नवे वर्षही ‘बेसतुं वरस’. ऋतू येऊन बसतो ही कल्पना साता समुद्रांच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच.

पण पुढे वाटा फुटतात. इंग्रज घड्याळ आणि सापळा ‘सेट’ करतो, आपण ते लावतो. तो छापखान्यातले खिळे ‘सेट’ करतो, आपण जुळवतो. प्रश्नपत्रिका आपण काढतो, भाव ठरवतो, पाने मांडतो. आपला सूर्य मावळतो आणि आपले दही लागते. इंग्रज कविता उचलून संगीतावर बसवतो. आपण कविता जागेवरच ठेवतो आणि तिला चाल लावतो. चहाच्या पेल्यांचा ‘सेट’ तर मुळात निराळ्याच, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दाचा वंशज. उच्चार एक झाल्यामुळे तोही याच घरात नांदू लागला.

मग इंग्रजाचा घोटाळा कसा होत नाही? कारण तो हा शब्द सहसा एकटा सोडत नाही. ‘सेट आउट’ म्हणजे निघणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला लागणे. न्यायालयात निकाल ‘सेट असाइड’ झाला की तो रद्दच झाला. अर्थ शब्दात थोडा आणि संगतीत फार. हे आम्हांला नवे नाही. कोमल गंधार दरबारीतही आहे आणि भीमपलासातही आहे. पण दरबारीचा आंदोलित गंधार भीमपलासात कोणी घेऊ लागला तर श्रोते माना वर करून पाहतील. स्वराला अर्थ येतो तो आजूबाजूच्या स्वरांमुळे.

आम्ही मात्र ‘सेट’ उचलला तो संगत तिकडेच ठेवून आणि त्याला एक ‘करणे’ जोडून मोकळे झालो. राग मागे राहिला, स्वर तेवढा घरी आला.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बटण दाबून चालणाऱ्या तंबोऱ्याला ‘सेट’ म्हणा, माझी हरकत नाही. तिथे काम तेवढेच आहे. पण खऱ्या तंबोऱ्यात जोडीच्या दोन तारा जुळवणे म्हणजे दोन्ही मिळून एकच ऐकू येईपर्यंत कान देणे. तबला मिळवणे म्हणजे दुसऱ्याच्या षड्जापाशी आपण जाणे. चीज बसवणे म्हणजे ती गळ्यात आपली जागा करीपर्यंत पुन्हापुन्हा म्हणणे. घाई केली तर चीज बसत नाही, गळा मात्र बसतो! ही नुसती नावे नव्हेत, त्या त्या कामाच्या रीती आहेत. ती मुलगी दोन वर्षे माझ्याकडे शिकते आहे, गोड गाते. पण तंबोरा तिला अजून लावता येत नाही. दोष तिचा नाही. तिने “सेट करून द्या” म्हटले आणि मी मुकाट्याने करून दिला.

याच नगरीत सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांसाठी आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करविला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. एकेका शब्दाला आपल्या भाषांत नेमके काय म्हणावे याची एवढी काळजी येथे वाहिली गेली. आपल्या घरातल्या शब्दांसाठी कोशाची गरज नाही. ते तोंडात असले म्हणजे पुरे.

पुढच्या तासाला मी तंबोरा न लावताच तिच्यापुढे ठेवला. म्हटले, “आधी जोडीच्या तारा जुळव.” पाऊण तास गेला, गाणे काही झाले नाही. तारा अजून पुरत्या जुळल्या नाहीत. पण निघताना ती म्हणाली, “सर, दुसरी तार किंचित उतरलेली आहे ना?” होती खरी.