लहान मुलाचा पहिला फुटबॉल क्लास : बयाना देण्यापूर्वी माल पारखून घ्या

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कुठून आला, असे काही वाचक बांधव विचारतील. कारण साधे आहे. अलीकडे आपल्या मोहल्ल्यांतही तीन-चार वर्षांच्या मुलांना फुटबॉलच्या क्लासला घालण्याची रीत पडली आहे. जिकडे तिकडे हिरव्या गालिच्याची टर्फ झाली आहेत आणि फी सहा महिन्यांची किंवा वर्षाची आगाऊ मागतात. लूमवर काम करणाऱ्या किंवा शिलाई मशीन चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. आम्ही दुकानात ताका उलगडतो, पन्ना मोजतो, कापड उजेडात धरतो आणि मगच सौदा करतो. मुलाच्या क्लासचा मामला आला की मात्र रंगीत कागद पाहून पैसे मोजतो.

आम्ही स्वतः हेच केले आणि नुकसान सोसले. आमचा नवासा चार वर्षांचा झाला तेव्हा लेक म्हणाली, “अब्बा, याला फुटबॉलला घालू या, दिवसभर मोबाईल मागतो.” एका परदेशी क्लबाचे नाव लावलेल्या क्लासमध्ये आम्ही वर्षाची फी भरली, वर किटचे पैसे वेगळे दिले. दीड महिन्यात पोर मैदानाच्या फाटकाशी आले की रडू लागले. एके दिवशी आम्ही स्वतः जाऊन उभे राहिलो तेव्हा कारण कळले. बावीस मुले, एक शिक्षक, तीन चेंडू. मुले रांगेत उभी, नंबर आला की एक लाथ मारायची आणि परत रांगेच्या शेपटाला. आमच्या नवाशाने पाऊण तासात चेंडूला सात वेळा पाय लावला. बाकीचा वेळ त्याने “सरळ उभा राहा” हे ऐकण्यात घालवला. पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या मागची बारीक अक्षरातली ओळ दाखवण्यात आली. पैसे गेले त्यापेक्षा जास्त दुःख याचे की पुढे चार-पाच महिने पोर चेंडूला हात लावीना.

तेव्हा पहिली गोष्ट, मोठ्या नावाची. आपल्या धंद्यात किनारीवर मोठ्या मिलचा छाप आणि आत साधा लूमचा माल, हा प्रकार कुणाला सांगायला नको. परदेशी क्लबाचे नाव वापरण्याचा परवाना घेऊन चालणारे क्लासही असतात. त्यात चांगलेही आहेत, परंतु तुमच्या मुलासमोर उभा राहणारा शिक्षक तो क्लब धाडत नाही, तो इथलाच असतो. म्हणून नाव न पाहता माणूस पाहावा. त्याने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा लहान मुलांच्या प्रशिक्षणाचा कोर्स किंवा डी लायसन्स केले आहे काय, हे विचारावे आणि कागद पाहावा. विचारण्यात बेअदबी नाही. मात्र कागदावर सारे भागत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या बुटाची नाडी गुडघ्यावर बसून बांधणारा शिक्षक आमच्या मते मोठ्या लायसन्सवाल्यापेक्षा चांगला.

दुसरी गोष्ट, वय. तीन वर्षांच्या मुलाला क्लास हवाच असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन काढले. त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे तरी चांगली धावपळीची असावीत, पडद्यासमोर एका तासापेक्षा जास्त बसू नये, असे सांगितले आहे. आता हिशेब करा. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचा क्लास म्हणजे ९० मिनिटे. आठवड्याची गरज १,२६० मिनिटांची. म्हणजे चौदावा हिस्सा. बाकीचे तेरा हिस्से गल्लीत, गच्चीवर, मशिदीच्या अंगणात किंवा घरातच भरावे लागतात. ज्या कारागिराला फी झेपत नाही त्याने मनाला लावून घेऊ नये. एक रबरी चेंडू आणि असरनंतर बापाची अर्धी घटका, एवढ्यात या वयाचे काम पुष्कळ होते.

क्लास घ्यायचाच तर पैसे भरण्याआधी एकदा न सांगता मैदानावर जावे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे एकाच मुलाकडे पाहावे. चेंडूला किती वेळा पाय लागतो ते मोजावे. आमच्या मते या वयात प्रत्येक मुलापाशी स्वतःचा चेंडू हवा. आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक असावा आणि एक मदतनीसही. तास अर्ध्या-पाऊण तासाचाच असावा, त्याहून लांबला तर मुले मातीत रेघोट्या ओढू लागतात. रांगा कमी, खेळ जास्त. शिवाशिवी चाललेली दिसली आणि फुटबॉल कुठे आहे असे वाटले, तर घाबरू नये. धावता धावता थांबणे, वळणे, तोल सांभाळणे हाच या वयाचा फुटबॉल आहे. सामना खेळवतच असतील तर तो लहान मैदानावर, तीन-चार गड्यांचा आणि गोलकीपरशिवाय असावा. अमेरिकेत सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी चारास चार, गोलकीपर नाही, असाच नियम आहे. आपल्या महासंघाने २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग काढली, तिचीही चाल लहान मैदान आणि थोडे गडी हीच होती. अकरास अकरा खेळवून चषक वाटणारा क्लास बापांना खूश करतो, मुलांना नव्हे.

चेंडूचा नंबर पाहायला विसरू नका. मोठ्यांचा चेंडू पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहानांना तीन नंबरचा हवा, त्याचा घेर साधारण ६० सेंटिमीटर आणि वजनही हलके. पाच नंबरचा चेंडू चार वर्षांच्या पोराच्या पायावर आदळला की ते दुसऱ्यांदा पाय पुढे करीत नाही. आणि डोक्याने चेंडू मारायला शिकवत असतील तर तिथून मूल उठवून आणावे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास बंदी जाहीर केली. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते शिकवले जात नाही. कोवळ्या मेंदूचा प्रश्न आहे.

आता किटविषयी, कारण इथे आम्ही कापडवाले गप्प बसू शकत नाही. आमच्या नवाशाचे किट हातात घेतले तेव्हा चुरगाळून पाहिले, उजेडात धरले. साधे पॉलिएस्टरचे ठिपकेदार निट, तेच जे ठोक बाजारात किलोवर मिळते. त्यावर एक छपाई आणि पाठीवर नंबर. माल वाईट नव्हता, घाम लवकर वाळतो, रंग टिकतो. परंतु दाम वेगळेच होते. दोन जोड सक्तीने घ्यायचे, तेही त्यांच्याकडूनच, ही सक्ती मान्य करू नये. कोणत्याही ढिल्या टी-शर्टात आणि गुडघ्याखाली येणाऱ्या पॅंटीत मूल खेळू शकते. लांब पॅंट हवी असेल तर तसे सांगावे, समजूतदार शिक्षक हरकत घेत नाही. या वयात खिळ्यांचे बूट नकोत, साधे कॅनव्हासचे पुरेत. पाय वाढतो आहे, बूट सहा महिन्यांत तोकडा पडतो.

वेळेचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. बहुतेक क्लास संध्याकाळी असतात आणि त्याच वेळी मुलांचे मकतब. एकाच दिवशी सबक आणि सराव दोन्ही लादले तर मूल दोन्हीकडे पेंगते. मकतबच्या मौलाना साहेबांशी आधी बोलून दोन दिवस ठरवून घ्यावेत किंवा रविवारची सकाळ निवडावी. मालेगावसारख्या ठिकाणी जुम्याची सुट्टी असते, तिथे जुम्याची सकाळही चालेल. उन्हाळ्यात दुपारचा तास घेऊच नये, कृत्रिम गालिचा मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. रमजानमध्ये घरच्या मोठ्यांचा दिनक्रम बदलतो, त्या महिन्याची फी कापून देणार काय, हे आधीच विचारून ठेवावे.

मुलीचे काय, असे आम्हाला एका बेपारी दोस्ताने दबक्या आवाजात विचारले. चार वर्षांची मुलगी भावाला सोडायला मैदानावर जाते आणि बाकावर बसून राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिलाही चेंडू द्यावा. घरच्यांना हवे असेल तर बाई शिक्षिका असलेला क्लास शोधावा, शहरांतून तसे मिळू लागले आहेत.

मूल मुलगा असो वा मुलगी, ते आपली अमानत आहे. तास चालू असताना पालकाला बसू देत नाहीत अशा ठिकाणी या वयाचे मूल ठेवू नये. संडासाला कोण नेते, एकाच मोठ्या माणसाबरोबर मूल एकटे पडते काय, शिक्षकांची पोलीस पडताळणी झाली आहे काय, हे लाज न बाळगता विचारावे. मुलांवरील अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे, परंतु कायदा नंतर येतो, आपली नजर आधी हवी. पाणी आणि मलमपट्टीची पेटी दिसली पाहिजे.

पैशाचा व्यवहार नेहमीच्या चालीने करावा. आधी एक-दोन तास नमुन्यादाखल मागावेत, मग महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची फी. वर्षाच्या फीवर सूट देतात खरी, परंतु मूल वर्षभर टिकेल याची हमी कुणी देत नाही. या वयात मन दोन महिन्यांत फिरते. पावतीवर जीएसटी लावला असेल तर नंबर पाहावा. तो पंधरा आकडे-अक्षरांचा असतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की नाव दिसते. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करता येत नाही.

किती मुलांमागे एक शिक्षक, तास किती, पाऊस पडला तर बदली तास मिळणार काय, हे पावतीवरच लिहून घ्यावे. याचे कारण समजून घ्या. मुलाला आवडले नाही म्हणून पैसे परत मागितले तर कायदा फारशी साथ देणार नाही. पण दहा मुलांचे वचन देऊन बावीस भरली, तर ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतील उणीव ठरते आणि “फी परत मिळणार नाही” ही छापील ओळ तेवढ्याने तक्रार बाद करीत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही. आमच्याकडे लेखी काही नव्हते, म्हणून आम्ही गप्प बसलो.

एक शेवटचा इशारा विक्रीच्या बोलण्याविषयी. काही जण आपल्या लोकांची नस ओळखून मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव काढतात. १९३४ पासून ओळीने पाच वर्षे त्या क्लबाने कलकत्ता लीग जिंकली हे खरे. हैदराबादचे रहीम साहेब पेशाने शाळामास्तर होते आणि त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानने १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदके मिळवली हेही खरे. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. मात्र चार वर्षांच्या पोरात पुढचा चॅंपियन दिसतो असे सांगून जो विशेष बॅचची जादा फी मागतो, त्याला सलाम करून बाहेर पडावे.

आमचा नवासा आता एका शाळेच्या मैदानावर जातो. तिथे मातीची जमीन आहे, किटची सक्ती नाही, फी महिन्याची आहे, अकरा मुले आहेत आणि अकरा चेंडू. परवा आम्ही परत घड्याळ लावून मोजायला बसलो होतो, साठाच्या पुढे गणती चुकली.