हिरवा चाफा पिवळा पडला? फेकू नका, खरा सुगंध आता येईल

नंदुरबार : हिरवे फूल आणून पाण्यात ठेवले, वास काही आला नाही. पिवळे पडले म्हणून मग टाकून दिले. हिरव्या चाफ्याच्या बाबतीत इथेच चूक होते. कोवळ्या फुलाला फारसा वास नसतो. ते पिवळसर होऊ लागले की पिकल्या फळासारखा गोड वास घरभर दरवळतो.

नाव चाफा असले तरी हा सोनचाफ्याच्या कुळातला नाही. आर्टाबोट्रिस हेक्सापेटॅलस हे त्याचे शास्त्रीय नाव, कुळ सीताफळाचे. सातपुड्यात सीताफळाचे फूल पाहिलेल्यांना त्याच्या जाड, मांसल पाकळ्या ओळखीच्या वाटतील. पाकळ्या सहा, आणि देठाला आकडा. याच आकड्यांच्या आधाराने झुडूप वर चढते.

देठ आखूड असल्याने उंच फुलदाणीत एकटे फूल बुडते. त्यापेक्षा पसरट काचेच्या भांड्यात तरंगू द्या किंवा पानांसह लहान फांदीच कापा. हिरव्यात हिरवे लपते, म्हणून सोबत मोगरा किंवा पांढरी शेवंती ठेवली तर फूल उठून दिसते.

उन्हाळ्यात इथे पारा 40 अंशांपुढे जातो. फूल सकाळी लवकर तोडा, पाणी रोज बदला, कूलरच्या झोतात ठेवू नका. जिल्हा पपईचा, पण पिकणाऱ्या पपईतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने बरीच कापलेली फुले लवकर कोमेजतात. फळांची टोपली लांबच बरी.

पाकळ्या तपकिरी आणि मऊ पडल्या, की मगच फूल काढा.