निळ्या रेघांची तांबोशी

आपल्या बाजारात येणाऱ्या तांबोशीच्या गणगोतात एक पिवळा मासा आहे. लुटजानस कास्मिरा हे त्याचे शास्त्रीय नाव. निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कोल यांनी केलेले त्याचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

लांबी सुमारे वीतभर, अंग हळदीसारखे पिवळे, पोट पांढुरके आणि प्रत्येक कुशीवर चार निळ्या आडव्या रेघा, असे त्याचे रूप. तांबड्या समुद्रापासून लक्षद्वीपसह थेट पॅसिफिकच्या मध्यापर्यंत प्रवाळखडकांच्या आसऱ्याने तो राहतो. दिवसा या माशांचे मोठे थवे कपारींजवळ जवळजवळ निश्चल तरंगताना दिसतात. दाटीत एकच मासा हेरणे शिकाऱ्याला कठीण जाते. म्हणून ही सोबत. अंधार पडताच थवा विखुरतो आणि प्रत्येक जण वाळूत व समुद्रगवतात खेकडे, कोळंबी, लहान मासे शोधू लागतो. म्हणजे रक्षण समूहाने, उदरभरण मात्र ज्याचे त्याने!

मासेमारी वाढावी या सद्हेतूने १९५८ मध्ये हा मासा मार्केसस बेटांवरून हवाईत नेऊन सोडण्यात आला. तेथे तो बघता बघता साऱ्या द्वीपसमूहात पसरला. परंतु अपेक्षित भाव त्याला मिळाला नाही. उलट, तो स्थानिक माशांच्या अन्नात व आसऱ्यात वाटेकरी झाला, अशी तेथील कोळ्यांची तक्रार आहे. मासा तोच, सवयीही त्याच. बदलले ते केवळ ठिकाण. निसर्गात हस्तक्षेप करताना केवळ हेतूची शुद्धता पुरेशी नसते, एवढे यावरून ध्यानी घ्यावे.