टिचभर दगड आणि मे महिन्यातला एसी

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याचं कारण बाबांची गाडी. म्हणजे खरं कारण मीच, पण ते पुढे येईलच. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भाग इथे लिहून देतोय, माझे 'अं' आणि 'म्हणजे' काढून.

तर मे महिना. संभाजीनगरहून समृद्धीनं नागपूरला परत येत होतो. गाडी बाबांची. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, रोज सकाळी चहाच्या आधी ओल्या फडक्यानं पुसली जाणारी. कारंजा मागे पडलं आणि पुढे गिट्टी भरलेला डंपर आला. ताडपत्री होती, पण अर्धीच. ओव्हरटेक करायला जवळ गेलो आणि टक्क! डाव्या बाजूला, काचेच्या खालच्या भागात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. बोनेटवर दोन टवके उडाले, ते घरी आल्यावर दिसले.

बाबांना सांगितलं का? नाही सांगितलं. उलट गाडी तोंड भिंतीकडे करून लावली. शहाणपणा बघा माझा.

चार दिवसांनी दुपारी दोन वाजता सीताबर्डीत उन्हात तापलेल्या गाडीत बसलो. पारा ४५ च्या वर. एसी फुल, हवेचा झोत काचेकडे. आणि बघता बघता त्या ठिपक्यातून एक रेघ निघाली आणि सरकत सरकत माझ्या समोरपर्यंत आली. काच बदलायला गेलो तेव्हा तिथले काका म्हणाले, "भाऊ, हे दगडानं नाही फुटली जी. तुमच्या एसीनं फुटली."

हे समजून घ्यायचं तर आधी काच समजून घ्यावी लागते. समोरची काच एक नसते, दोन असतात. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पातळ पडदा. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाची. १९०३ मध्ये त्याच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून चिकटला होता. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. आज दगड लागला की बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते. पडदा आणि आतली काच शाबूत राहते. दुरुस्ती शक्य होते ती यामुळेच. बाजूच्या काचा सहसा वेगळ्या असतात, टेम्पर्ड. त्या फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो, तिथे दुरुस्ती नाहीच.

आता ठिपका. तो दिसतो एवढासा, पण त्याच्या कडेनं केसापेक्षा बारीक भेगा असतात आणि काचेवरचा सगळा ताण भेगेच्या टोकाला गोळा होतो. बाहेरून ऊन, आतून थंड झोत: एक बाजू फुललेली, दुसरी आकसायला लागलेली. टोक पुढे सरकतं. आपल्या सिमेंट रोडचे सांधे आणि गल्लोगल्लीचे स्पीडब्रेकर हेही त्यात भर घालतात, कारण काच गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली असते. सांगाडा हलला की काचही पिळली जाते. म्हणून ठिपका असताना आधी खिडक्या उघडा, गरम हवा जाऊ द्या, एसी हळूहळू वाढवा आणि झोत काचेवर नको. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादलीही नको. (हा उद्योग मी पूर्वी केलेला आहे.)

दगड लागल्या दिवशी करायची गोष्ट एकच: जागा कोरडी असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. नजरेच्या आड येत नाही एवढीच. धूळ आणि ओल आत गेली की नंतर रेझिन नीट भरत नाही आणि डाग राहतो. तिथे फेव्हिक्विक ओतू नका. एकदा ते आत वाळलं की चांगल्या कारागिराचेही हात बांधले जातात. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून हसा आणि पुढे जा.

दुरुस्ती म्हणजे काय करतात? खड्ड्यावर एक छोटं नळकांडं बसवतात, आतली हवा खेचून घेतात, मग पातळ रेझिन दाबानं आत ढकलतात. हे रेझिन प्रकाशाला जवळपास काचेसारखंच वाकवतं, म्हणून ठिपका पुसट होतो. नंतर यूव्ही दिव्यानं ते घट्ट करतात आणि वरचं जास्तीचं ब्लेडनं खरवडतात. किट ऑनलाइनही मिळतं, पण नागपूरकरांनो, ते भर उन्हात वापरू नका. उन्हातही यूव्ही असतंच, त्यामुळे रेझिन आत पोचायच्या आधीच घट्ट व्हायला लागतं. पहाटे, सावलीत, काच गार असताना भरा आणि मग गाडी कोवळ्या उन्हात काढा. डाग शंभर टक्के जात नाही. भेग थांबली की काम झालं.

रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा ठिपका साधारणपणे दुरुस्त होतो. भेग काचेच्या कडेपर्यंत गेली असेल, आतली काचही फुटली असेल किंवा डाग चालवणाऱ्याच्या नजरेसमोर येत असेल, तर काच बदला. बदलताना नवीन गोंद सुकायला दिलेला वेळ पाळा, कारण छताची मजबुती आणि बाजूच्या सीटची एअरबॅग नीट उघडणं यात या काचेचाही हात असतो. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. शिवाय फास्टॅग! जुन्या काचेबरोबर तोही जातो. मी टोलनाक्यावर आठवलो.

विम्याचं सांगतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर काहीच मिळत नाही. पूर्ण विम्यात काचेला घसारा लागत नाही, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीत पहिले १००० रुपये आपले. आणि दावा केला की नो क्लेम बोनस, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो, तो जाऊ शकतो. आधी कंपनीला विचारा, मग फॉर्म भरा.

बोनेटच्या टवक्यांना एवढी घाई नसते, पण पावसाळ्याच्या आत ते उरकायला हवेत. सगळा रंग मिळून थर जेमतेम १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एक-दोन केसांएवढा. आत राखाडी दिसलं तर प्रायमर वाचलाय. चकचकीत पत्रा दिसला तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर तिथे तांबूस ठिपका येणार, आणि गंज रंगाखालून पसरतो.

हे सगळं बाबांना शेवटी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. रोज पुसतो ना मी. म्हटलं, तू सांगशील." दोघंही चार दिवस गप्प. तेवढ्यात चिकटपट्टीच्या तुकड्याचं काम काचेच्या बिलावर गेलं.

रविवारी सकाळी सहाला आम्ही टवके भरायला बसलो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रंगाचा कोड मिळाला, त्यावरून टच-अपची बाटली आणली. जागा धुतली, स्पिरिटनं मेण-तेल काढलं, वॉटर पेपरचा बारीक तुकडा काडीच्या टोकाला गुंडाळून फक्त खड्डा घासला. मग टूथपिकनं प्रायमर, रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येकाच्या मध्ये वाळायला वेळ, शेवटी क्लिअर. बाटलीतला ब्रश वापरू नका, थेंब मोठा पडतो. मी एकदा वापरला आणि बाबांनी हातातून बाटलीच घेतली.

पाच फुटांवरून आता काही दिसत नाही. बाबांना मात्र दिसतं. रोज सकाळी फडकं तिथे येऊन जरा थांबतं.